न ठरवता दिवस गेले तर: मन सांभाळून कोणतं पाऊल आधी टाकायचं

पाळी चुकली की आपल्याकडे बहुतेक वेळा सगळं उलट्या क्रमाने होतं. आधी जावेला कळतं, मग मेडिकलमधून गोळी येते, मग रडारड, मग दवाखाना. नेमके किती आठवडे झालेत हे सगळ्यात शेवटी कळतं. मनाचे हाल होतात ते बरेचसे या उलट्या क्रमामुळे. जी माहिती हातात असायला हवी ती नसते, आणि ज्यांना इतक्यात कळायला नको त्यांना कळलेलं असतं. पुढचा क्रम बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या मराठी बायकांसाठी लिहिला आहे. लग्न झालेलं असो वा नसो, क्रम तोच.

आधी हे पाहा. घरात मारहाण होत असेल, कुणी धमकावत असेल किंवा जीव नकोसा झाला असेल, तर खालचे टप्पे बाजूला ठेवा. आधी फोन करा: ११२ (पोलीस, तातडीची मदत), १८१ (महिला हेल्पलाइन), १४४१६ (टेली मानस, मनाच्या त्रासासाठी, चोवीस तास, मोफत). अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी १०९८.

## १. किट नीट वापरा

मेडिकलमध्ये मिळणारं गर्भधारणा तपासायचं किट पाळीची तारीख उलटल्यावर वापरायचं, त्याआधी नाही. सकाळची पहिली लघवी घ्यायची, कारण रात्रभर साठलेल्या लघवीत गर्भधारणेचं संप्रेरक जास्त असतं. पाकिटावर सांगितले असतील तितकेच थेंब टाका आणि घड्याळ लावून साधारण पाच मिनिटांत निकाल वाचा. अर्ध्या तासाने पुन्हा बघून पुसट रेघ दिसली तर तिच्यावर विसंबू नका, वाळताना तशी रेघ उमटते. वेळेत दिसलेली दुसरी रेघ मात्र पुसट असली तरी होकारच धरायची.

एकच रेघ आली आणि पाळी तरीही आली नाही, तर एक आठवड्याने पुन्हा करा. आशा कार्यकर्तीकडे हेच किट मिळतं. पण ती तुमच्याच गल्लीतली, सासूच्या ओळखीची असेल आणि तुम्हाला इतक्यात कुणाला कळू द्यायचं नसेल, तर दुसऱ्या गावच्या मेडिकलमधून आणा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

इथे चुकतं. अंगावर पाजणारी बाई "मला अजून पाळीच सुरू नाही" म्हणून निर्धास्त राहते. बाळंतपणानंतर पहिली पाळी यायच्या आधीही दिवस जाऊ शकतात. चाळिशी ओलांडलेल्या बाईला वाटतं पाळी जायला लागली. दोघींनाही कळतं तेव्हा बरेच आठवडे उलटलेले असतात.

## २. आठवडे मोजा, आणि ते कसे मोजतात ते समजून घ्या

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कागदावर लिहा. तिथपासून आजपर्यंतचे दिवस मोजा आणि सातने भागा. पाळी ३ मार्चला सुरू झाली असेल आणि आज १४ एप्रिल असेल, तर ४२ दिवस, म्हणजे सहा आठवडे. तारीख आठवत नसेल तर एखाद्या खुणेवरून काढा: संकष्टी होती का, बाजाराचा दिवस होता का, देवळात जाता आलं नव्हतं का.

आता इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण हिच्यावरून घरं मोडायची वेळ येते. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीपासून, संबंध आला त्या दिवसापासून नाही. गर्भ राहतो तो साधारण दोन आठवडे उशिरा. आपल्याकडे बेळगाव-खानापूरच्या खेड्यांतून कितीतरी जण फौजेत आहेत, कितीतरी जण गोव्यात किंवा पुण्यात कामाला आहेत. नवरा सहा आठवड्यांपूर्वी सुट्टीवर येऊन गेलेला असतो, सोनोग्राफीच्या कागदावर आठ आठवडे लिहिलेले असतात, आणि घरात संशयाचं भूत उभं राहतं. कागद बरोबर असतो आणि बाईही खरं बोलत असते. ही दोन आठवड्यांची तफावत मोजण्याच्या पद्धतीतली आहे. तसं घडण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांनाच नवऱ्याला फोनवर समजावून सांगायला लावा.

पाळी अनियमित असेल, अंगावर पाजत असाल किंवा तारीख मुळीच आठवत नसेल, तर सोनोग्राफीशिवाय आठवडे कळत नाहीत. सोनोग्राफीच्या फॉर्मवर नवऱ्याचं किंवा वडिलांचं, आईचं नाव विचारतात. ते नोंदीसाठी असतं. नाव लिहिलं म्हणून त्यांना कळवलं जात नाही. मुलगा की मुलगी हे विचारू नका, ते सांगणं कायद्याने गुन्हा आहे.

थांबू नका. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, रक्तस्राव, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं, यांतलं काही असेल तर गर्भ पिशवीबाहेर, नळीत राहिलेला असू शकतो. १०८ ला फोन करून लगेच दवाखाना गाठा.

## ३. दोन दिवस काही ठरवू नका

आठवडे नऊच्या आत असतील तर दोन दिवसांनी काही बिघडत नाही. या दोन दिवसांत कुणाला हो म्हणायचं नाही, कुणाला नाही म्हणायचं नाही. मेडिकलमधून गोळ्या तर अजिबात आणायच्या नाहीत.

सुरुवातीच्या आठवड्यांत संप्रेरकांमुळे मळमळ होते, सारखी झोप येते, रडू येतं, कशातच लक्ष लागत नाही. बाईला वाटतं आपलं मन ढासळलं. यातलं बरंच शरीराचं असतं. म्हणून आधी शरीर धरा: उठल्या उठल्या अंथरुणातच कोरडी भाकरी किंवा टोस्ट, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खाणं, पाणी घोटघोट, दुपारी अर्धा तास आडवं होणं. पोटात काही टिकतच नसेल, दिवसभरात लघवी जेमतेम एकदा होत असेल, तर ती मळमळ घरी सोसायची नाही, दवाखान्यात जायचं.

भीती आणि आनंद, राग आणि माया एकाच दिवसात आलटून पालटून येतील. सकाळी नको वाटलेलं संध्याकाळी हवंसं वाटेल. त्यात खोटेपणा काही नाही, वेडेपणाही नाही.

ध्यानात ठेवा. मनाच्या आजाराची किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर ती आपल्या मनाने बंद करू नका. अचानक थांबवली तर आजार उसळतो. काही औषधं गर्भासाठी बदलावी लागतात, पण तो बदल डॉक्टरांनी करायचा, आणि लवकर. म्हणून अशा बाईने हे दोन दिवसही न थांबता आपल्या डॉक्टरांना फोन करावा.

## ४. एकच माणूस निवडा

सगळ्यांना सांगायचं नाही आणि कुणालाच न सांगताही राहायचं नाही. एक माणूस निवडा. निवडताना नात्यापेक्षा हे तीन प्रश्न महत्त्वाचे:

- याआधी सांगितलेली एखादी गोष्ट तिच्या पोटात राहिली का?
- ती ऐकून घेते, की आपलंच पुराण सुरू करते?
- गरज पडली तर ती दवाखान्यात सोबत येऊ शकेल का?

बऱ्याचदा हे माणूस घरात नसतं. चंदगड किंवा गडहिंग्लजकडे दिलेली बहीण, माहेरची वैनी, कॉलेजची मैत्रीण, जुन्या शाळेतल्या बाई, कुणीही चालेल. असं कुणीच डोळ्यापुढे येत नसेल तर १४४१६ लावा. सुरुवातीला भाषा निवडायला सांगतात, तेव्हा मराठी निवडा. नाव सांगायची सक्ती नाही. फोन घरातल्या सगळ्यांच्या हातात असेल तर बोलून झाल्यावर तो नंबर यादीतून काढून टाका.

सांगताना सुरुवातीलाच काय हवंय ते सांगा: "मला दिवस गेलेत. काय करायचं ते अजून ठरलं नाही. सल्ला नको, नुसतं ऐकून घे." हे आधी सांगितलं नाही तर समोरची माणसं घाबरून सल्ल्यांचा पाऊस पाडतात.

## ५. ज्याला सांगितलं गेलं, त्याने काय करायचं

हा टप्पा ऐकणाऱ्यासाठी. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पहिल्या दहा मिनिटांत तोंडून निघालेल्या वाक्यांनी.

"एवढं कसं कळलं नाही गे तुला?", "देवाने दिलंय, आता ठेवूनच घे", "लगेच खाली करून टाक, कुणाला कळायच्या आत." ही तिन्ही वाक्यं वेगवेगळ्या माणसांची असली तरी तिघांचाही अर्थ एकच होतो: तुझं आम्ही ऐकत नाही. त्याऐवजी विचारा: "किती दिवस झाले? जेवलीस का? आज रात्री मी काय करू?" तिने पुन्हा पुन्हा तेच सांगितलं तरी ऐका.

मग हाताने काहीतरी करा. तिची दोन लेकरं एका दुपारपुरती सांभाळा. दवाखान्याला सोबत जा, बसमध्ये शेजारी बसा, आणि आत तिला एकटीला जाऊ द्या. तिचा निर्णय तुमच्या मनासारखा होईलच असं नाही. तुम्हाला तो झेपणार नसेल तर तसं आताच सांगा आणि दुसरं माणूस शोधायला मदत करा. ऐन वेळी पाय मागे घेतलात तर ती पार उघडी पडते.

नवऱ्याने, मित्राने हे करायचं नाही: ती ठरवत असताना "तू म्हणशील तसं" म्हणून बाजूला होणं. ऐकायला ते समजूतदार वाटतं, पण तिला वाटतं आपण एकटीच आहोत. "तुला काय वाटतं ते आधी सांग, मग मला काय वाटतं ते मी सांगतो, आणि तू जे ठरवशील त्यात मी सोबत आहे" असं म्हणा.

## ६. मनातलं कागदावर काढा

एक कोरा कागद घ्या, उभ्या दोन घड्या घालून तीन रकाने करा. पहिल्यात खरी गोष्ट, दुसऱ्यात भीती, तिसऱ्यात ती कुणाला विचारून तपासता येईल ते. "धाकटा आठ महिन्यांचा आहे" ही खरी गोष्ट. "दोघांचं मला झेपणारच नाही" ही भीती. तिसऱ्या रकान्यात "आई चार महिने येऊन राहील का, विचारणे". "बीएडचं शेवटचं वर्ष" ही खरी गोष्ट. "शिक्षण संपलं" ही भीती. "कॉलेजात हजेरीचं विचारणे".

हे एकदाच लिहून निर्णय करू नका. दोन दिवसांनी पहिला कागद न बघता पुन्हा लिहा. दोन्हींत जे आलं ते पक्कं, फक्त एकात आलं ते त्या दिवसाचं. लिहिता येत नसेल तर निवडलेल्या माणसाला मोठ्याने सांगा आणि तिने लक्षात ठेवावं. काम झालं की कागद न्हाणीच्या चुलीत घाला, कपाटात ठेवू नका.

तपासून घ्या. शेवटी एकच प्रश्न स्वतःला विचारा: कुणालाच कधी कळणार नसतं, तर मी काय केलं असतं? याचं उत्तर आणि कागदावरचं उत्तर वेगळं येत असेल, तर निर्णय तुमच्यापेक्षा दुसऱ्याच्या दबावाचा आहे. अजून थोडं थांबा.

## ७. दवाखान्यात जाताना

बेळगावचा जिल्हा दवाखाना, म्हणजे आपलं सिविल, किंवा तालुक्याचा सरकारी दवाखाना. खासगी ठिकाणी जाणार असाल तर गर्भपाताची सरकारी मान्यता असल्याचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसेल असं लावलेलं असायला हवं, ते बघा. सोबत न्यायचं: पाळीची तारीख लिहिलेला कागद, आधीच्या बाळंतपणाचे किंवा सिझरचे कागद, चालू औषधांची पाकिटं, ओळखपत्र आणि विचारायचे प्रश्न. प्रश्न लिहूनच न्या, आत गेल्यावर आठवत नाहीत.

भाषेचा अडसर इथे खरा आहे. संमतीचा फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत असतो आणि बायका न वाचता सही करतात. सही करण्याआधी म्हणा: "ननग कन्नड छलो बरंगिल्ल, मराठीयोळग हेळ्री." म्हणजे मला कन्नड नीट येत नाही, मराठीत सांगा. सिविलमध्ये मराठी येणारी नर्स सापडतेच. सासू किंवा नवरा आत आला असेल आणि तुम्हाला एकटीने बोलायचं असेल, तर: "ना डॉक्टर जोडी ओब्बाकिन माताडबेक्री." नाहीतर लघवी तपासायला आत नेतील तेव्हा नर्सला हळूच सांगा.

कायदा काय म्हणतो ते पाठच असू द्या. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली बदल झाला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं: बलात्कार, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणातच नवरा वारणं किंवा घटस्फोट, अपंगत्व, मनाचा आजार, गर्भातलं गंभीर व्यंग अशी ती कारणं. २४ च्या पुढे गर्भात मोठं व्यंग असेल तर, वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने, किंवा बाईचा जीव वाचवायला लगेच करावा लागत असेल तरच. गर्भनिरोधक फसलं हे कारण लग्न न झालेल्या बाईलाही लागू आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लग्न झालेली आणि न झालेली असा भेद चालणार नाही असं स्पष्ट केलं.

सही फक्त बाईची लागते. अठरा वर्षं पूर्ण असतील तर नवऱ्याची, सासऱ्याची, वडिलांची सही कायदा मागत नाही. "नवऱ्याला घेऊन या" असं कुणी म्हटलं तर शांतपणे विचारा की हे कोणत्या नियमात आहे, आणि तरीही ऐकत नसतील तर दुसरीकडे जा. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

मुलगी अठराच्या आतली असेल, तिचं लग्न झालेलं असलं तरी, पालकाची संमती लागते आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. त्या भीतीने दवाखाना टाळू नका. संबंध मर्जीचे असतील तर मुलीच्या आणि पालकाच्या विनंतीवरून डॉक्टर तिचं नाव त्या कळवण्यातून वगळू शकतात, हेही त्याच २०२२ च्या निकालात आहे.

इथे चुकतं. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मेडिकलवाल्याला सोनोग्राफी दिसत नसते. गर्भ नळीत असेल तर गोळीने काम होत नाही आणि नळी फुटू शकते. आठवडे जास्त असतील तर अर्धवट राहतं. गोळ्या घेतल्यावर सलग दोन तास, तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील, ताप राहत असेल किंवा घाण वासाचा स्राव असेल, तर रात्र असली तरी दवाखाना.

## ८. घरी सांगणं

सांगायचंच असेल तर निर्णय झाल्यावर, आणि क्रमाने: आधी नवरा किंवा आई, मग तिच्या किंवा त्याच्यामार्फत बाकीचे. जेवणाच्या ताटावर, लेकरांसमोर, स्पीकरवरच्या फोनवर नाही. उसाची तोडणी किंवा तंबाखूचं काम अंगावर असताना दमून आलेल्या माणसाला रात्री दहा वाजता तर नाहीच.

वाक्य छोटं ठेवा: "मला एक सांगायचं आहे. ऐकून लगेच काही बोलू नका, उद्या संध्याकाळी बोलू." सांगा आणि उठून कामाला लागा. पहिल्या तासात माणसं जे बोलतात ते बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी राहत नाही. हात उगारला जाईल अशी जराही शंका असेल तर हे घरात सांगू नका. माहेरी किंवा तिसऱ्या माणसासमोर सांगा, ओळखपत्र आणि थोडे पैसे आधीच बाहेर ठेवा. बेळगावात महिलांसाठीचं सखी केंद्र आहे. तिथे राहण्याची, पोलिसांची आणि वकिलाची मदत एकाच ठिकाणी मिळते. १८१ वरून पत्ता कळतो.

## ९. ठरल्यानंतरचा रस्ता

मूल ठेवायचं ठरलं तर तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या नोंदीचं सरकारी कार्ड, काढा. बाळंतपणाला सीमेपलीकडे माहेरी जाणार असाल तर कार्ड आणि सगळे रिपोर्ट सोबत न्या, तिथे नाव नव्याने नोंदवावं लागतं. फोलिक ॲसिड सुरू करायचं ते पहिल्याच भेटीत विचारा. माया लगेच वाटली नाही म्हणून घाबरू नका. कुणाला ती पोटात बाळ फिरायला लागल्यावर वाटते, कुणाला बाळ महिन्याचं झाल्यावर. डोहाळजेवण, ओटीभरण नको वाटत असेल तर "डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय" म्हणून पुढे ढकला.

गर्भपात केला तर सुटल्यासारखं वाटणं आणि रडू येणं एकाच दिवशी होऊ शकतं. गर्भपातामुळे बाई वेडी होते हा गैरसमज आहे. ज्यांना आधीपासून मनाचा त्रास होता किंवा ज्यांच्यावर जबरदस्ती झाली, त्यांना जास्त सोबत लागते. दोन-तीन दिवस जड काम नको, आणि ती रजा "कंबर धरलीय" म्हणून काढली तरी चालेल.

मूल जन्माला घालून दत्तक द्यायचं ठरलं तर ते ओळखीच्या जोडप्याला हातोहात देऊ नका. बाल कल्याण समितीसमोर रीतसर सोपवावं लागतं, आणि त्यानंतर मन बदललं तर परत घेण्यासाठी ६० दिवसांची मुदत असते.

## १०. दर पंधरा दिवसांनी मन तपासा

कॅलेंडरवर खूण करा आणि दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश होतं का? पूर्वी आवडायचं त्यात रस उरला नाही असं झालं का? एकाचंही उत्तर हो आलं तर १४४१६ किंवा सरकारी दवाखान्यातले मानसोपचार डॉक्टर. तालुक्याला ते ठरावीक दिवशी येतात, तो वार आधी विचारून ठेवा. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं नेहमीचं आहे. त्यापुढे लांबलं तर तो आजार असू शकतो आणि त्यावर औषध आहे. अंगावर पाजताना चालणारी औषधंही आहेत.

सोबत असलेल्या माणसाने तोंड फोडून विचारावं: "मरून जावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर तिला एकटीला सोडू नका, फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात घाला, किल्ली शेजारच्या घरी ठेवा, आणि तिच्या शेजारी बसूनच फोन लावा.

शेवटचं काम दवाखान्यातून निघण्याआधीचं, कारण "परत तसंच झालं तर?" ही भीती महिनोन्महिने झोप खाते. गर्भपातानंतर दोन आठवड्यांतच पुन्हा दिवस जाऊ शकतात. तांबी, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळी, निरोध हे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. अंगावर पाजताना गर्भ राहत नाही हे फक्त तेव्हाच खरं, जेव्हा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असतं, दिवसरात्र निव्वळ अंगावरच पीत असतं आणि पाळी सुरू झालेली नसते. या तिन्हींतली एक जरी गोष्ट नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दुसरा उपाय विचारा.